मदत हवी आहे: आईचा आमवात पावसाळ्यात उसळतो, चार महिने सोलापूरला आणावं का?

आई ६१ वर्षांची आहे, चिपळूणजवळच्या गावात राहते. आठ वर्षांपूर्वी आमवाताचं (रूमॅटॉइड आर्थरायटिस) निदान झालं, त्यासाठीची अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट (रोगप्रतिकारशक्ती दाबणारी गोळी), सोबत फॉलिक अ‍ॅसिड आणि एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) चालू आहे. ऑक्टोबर ते मे बरी असते. मृग लागलं की मनगटं आणि बोटांची पेरं सुजतात, सकाळी नारळ खवायला बसली की मूठच वळत नाही.

मी सोलापूरला असते. गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या मुलाच्या बारशाला ती पंधरा दिवस इथे आली आणि चौथ्या दिवसापासून हात सुटले. तेव्हापासून घरात एकच विषय: जूनमध्ये तिला इकडे घेऊन यायचं. पण तिला भातलावणीच्या वेळी घर बंद करून यायचं नाही. इतकं तिच्या मनाविरुद्ध करण्याआधी मला खात्री हवी आहे की कोरड्या हवेने तिचा आजार कमी होतो, नुसती दुखण्याची जाणीव नाही.

दोन वर्षं आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोंद ठेवतो आहोत. उठल्यापासून ओलं फडकं नीट पिळता येईपर्यंत किती मिनिटं गेली, एवढंच ती लिहिते. एरवी वीस-पंचवीस मिनिटं. संततधार लागलेल्या आठवड्यांत चाळीस-पन्नास. पण गेल्या जुलैच्या शेवटी थेट अडीच तास, आणि सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, ६ वरून ३१. पानं उलटून पाहिली तर त्याच्या महिनाभर आधी तिला ताप आणि खोकला झाला होता. डॉक्टरांनी अँटिबायोटिक चालू असेपर्यंत मेथोट्रेक्सेटचे दोन डोस थांबवायला सांगितले. पुढचे दोन तिने भीतीपोटी स्वतःच घेतले नाहीत, आणि आम्हाला सांगितलंही नाही. नुसत्या पावसाच्या आठवड्यांत केलेला सीआरपी मात्र ८च्या वर गेलेला नाही.

म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात असं मला वाटू लागलं आहे. शोधून जे वाचलं तेही तसंच दुभंगलेलं आहे. मँचेस्टर विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासात २,६५८ लोकांनी मोबाइलवर रोजचं दुखणं नोंदवलं. दमटपणा आणि वारा जास्त, हवेचा दाब कमी, अशा दिवशी दुखणं थोडं वाढलं. पण त्यात मोजलं ते दुखणं, रक्तातली सूज नव्हे. त्याआधी २०१७ मध्ये अमेरिकेत डॉक्टरांकडच्या १ कोटीहून अधिक भेटी तपासल्या, तर पावसाच्या दिवसांत सांधेदुखीच्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या नाहीत, आमवाताच्या रुग्णांतही नाहीत.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते २०१५चं केंब्रिजच्या संशोधकांचं काम. रक्तातल्या पेशींमधल्या तपासलेल्या २२,८२२ जनुकांपैकी ५,१३६ जनुकांचं काम ऋतूप्रमाणे बदलतं. युरोपात हिवाळ्यात सीआरपी आणि आयएल-६ या सूज वाढवणाऱ्या प्रथिनाच्या रिसेप्टरचं (ते जिथे जोडलं जातं त्या रेणूचं) प्रमाण वाढतं, आणि आमवातात टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन नेमकं त्याच रिसेप्टरला अडवतं. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात मात्र हिवाळ्याऐवजी पावसाळ्यात, जून ते ऑक्टोबर, रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी वाढलेल्या सापडल्या. तिथे मलेरियासारख्या आजारांचेही तेच दिवस. आपला मोसमी पाऊस गांबियाच्या जवळचा, आणि आपल्याकडेही डेंग्यू, लेप्टो, चिकुनगुन्या, फ्लू सगळे तेव्हाच येतात. चिकुनगुन्याने तर आमवातासारखेच सांधे महिनोन्महिने धरतात. मग आईच्या शरीराला जागं करतो तो दमटपणा, की पावसाळ्यातले संसर्ग आणि त्यामुळे सुटलेली गोळी? दुसरं खरं असेल तर सोलापूरलाही डास आहेतच.

बारशाच्या वेळी बरं वाटलं त्यातही एक गोम आहे. गावी ती पावसात गोठा, धुणी, ओली लाकडं सगळं करते. इथे मी तिला गार पाण्यात हातही घालू दिला नाही. शिवाय तेव्हा गोळ्या पुन्हा सुरू होऊन तीन आठवडे झाले होते.

म्हणून ज्यांच्या घरात आमवात आहे त्यांना विचारते. कोणी कोकणातून किंवा गोव्यातून देशावर राहायला गेलात का, आणि गेल्यावर ईएसआर-सीआरपी (सुजेच्या दोन्ही रक्ततपासण्या) खरंच उतरला की फक्त आखडणं कमी झालं? तापात मेथोट्रेक्सेट थांबवल्यावर परत कधी सुरू करायचं हे तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं का? पावसाळ्याआधी फ्लूची लस कोणी घेतली आहे का, आणि त्यासाठी गोळी थांबवावी लागली का? औषधात आम्ही स्वतः काहीही बदलणार नाही, २८ मेला तिच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तिथे काय काय विचारायचं ते मला त्याआधी नीट ठरवायचं आहे.

अपडेट: उत्तरांत दोघांनी विचारलं म्हणून, व्हिटॅमिन डी मार्चमध्ये तपासलं होतं, १४ आलं, साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक अशी चालू आहे. चिकुनगुन्याची तपासणी जुलैमध्ये केली नव्हती. ती तेव्हाच करायला हवी होती, हे आत्ता तुमच्यामुळे लक्षात आलं. डॉक्टरांना विचारायच्या यादीत लिहून घेतलं आहे.