मदत हवी आहे: तुराट्यांचा (तुरीच्या काड्यांचा) खोपा काळ्या मातीत टिकेल का?

खोपाकार
मंडळी, आम्ही परभणी भागातले शिल्पकलेचे विद्यार्थी. कॉलेजच्या आवारात सुगरणीचा मोठा खोपा करायलोत, उंची साधारण ९ फूट. खरा खोपा लटकतो, आमचा जमिनीवर टेकलेला. नळीतून वाकून पोटात शिरायचं. अट एकच, कोणतीही वस्तू नवी विकत घ्यायची नाही. सांगाडा बैलगाडीच्या चाकांवरच्या जुन्या लोखंडी धावांचा (गाड्यांना रबरी टायर आल्यापासून धावा भंगारातच) आणि पडक्या शेडच्या पाइपांचा. विण तुराट्यांची, मधूनमधून ठिबकच्या टाकाऊ नळ्या.

अडचण अशी की जागा अस्सल काळ्या मातीची, उन्हाळ्यात भेगेत हात जातो. वाळवी आहेच. शिवाय तुराट्या वाकवायला गेलं की काडकन मोडतात.

सर म्हणतात रेझिन मारा. नेकचंदांनी चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये फुटक्या बांगड्या, कपबशा सिमेंटमध्ये बसवल्या म्हणून त्या टिकल्या, हे त्यांचं उदाहरण. म्हणणं खरंय, पण तुराटीवर रेझिन चढवलं की तिचं प्लास्टिकच झालं की! विण काळी पडून दोन वर्षांनी गळाली तरी चालेल. सांगाडा मात्र कुणाच्या अंगावर यायला नको, पोरं आत शिरणारच. काय करावं?

मुरूमखडी
आधी पाया. काळ्या मातीत वरवर काँक्रीट ओतलंत तर पावसाळ्यात माती फुगून ते उचलेल, उन्हाळ्यात भेगाळली की कलेल. मुरूम लागेपर्यंत खांदा. फार खोल असेल तर खड्डा रुंद घ्या, काळी माती बाहेर काढा, मुरूम थराथरानं भरून पाणी मारा आणि धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट बसवा. तुराटी जमिनीला टेकवूच नका, खाली फूटभर काळ्या दगडाचा ओटा घ्या. वाळवी दगडावरूनही मातीची नळी करून चढते, पण ती दिसते तरी. दिसली की खरवडायची.

जालनावेल्डर
पाइप जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेले आहेत का? असतील तर वेल्डिंगच्या जागचं जस्त घासून काढा आणि काम उघड्यावर करा. तो धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. आणि सगळं वेल्डिंग विणायच्या आधी उरका, तुराट्यांना एक ठिणगी बास.

शेतशिवार
वाळवीला मोरचूद (कॉपर सल्फेट). तुराट्या त्याच्या पाण्यात बुडवून वाळवा.

जालनावेल्डर
लोखंडाला टेकणार असतील तर नको. मोरचूद लोखंड खातं, बांधायच्या तारा आधी जातील.

आजोळ
तुराट्या मोडणारच, वाळलेल्या घेतल्यात ना. आत्ता काढणी चालू आहे, ओलसर बघून आणा. तरी त्या उभ्याच लावा, आडवी विण निरगुडीच्या फोकांची करा. आमच्याकडे धान्याच्या कणग्या तशाच विणायचे. आणि कणगीसारखी गच्च विणू नका, वळवाचा वारा आरपार गेला पाहिजे.

खोपाकार
मोरचूद रद्द. पाइप जीआयचेच निघाले, बरं झालं सांगितलंत. आवारातल्या विहिरीच्या कडेला थर दिसतात, मुरूम ७ फुटांच्या खाली आहे, म्हणजे भरावच करावा लागणार. निरगुडी ओढ्याला भरपूर आहे. आता एकच: जिंतूर-सेलूकडे कणगी विणणारं कुणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आम्ही तिकडे येऊन शिकू, मजुरीही देऊ. आमची अट वस्तूंना आहे, मजुरीला नाही.