लहान मापाची पदकं आणि भट्टी

माणसाचा चेहरा उठावात असलेली मातीची छोटी पदकं बघताना एकाच चेहऱ्याची तीन-चार मापं दिसतात; म्हणजे वेजवुडने (अठराव्या शतकातला इंग्लंडचा कुंभार-कारखानदार) प्रत्येक मापासाठी नवा नमुना कोरून घेतला असणार, असं काहींना वाटतं, ते मत पटत नाही. बऱ्याचदा हे काम भट्टीच करायची. जॅस्परची, म्हणजे त्याच्या पदकांची बिनचकाकीची बारीक माती भाजताना चांगलीच आक्रसते. भाजलेल्या पदकावरून प्लास्टरचा नवा साचा घ्यायचा, त्यात ओली माती दाबून पुन्हा भाजायचं, की आणखी लहान प्रत तयार! फक्त दर फेरीला केस, कॉलर, बटणं बोथट होतात आणि हाताने पुन्हा धार काढावी लागते. लहान पदक घेताना भिंगातून केस आधी बघा.

आणि अशी चेहऱ्याची पदकं ही फक्त श्रीमंतांची हौस होती असंही नाही. फ्रान्समध्ये निनी या शिल्पकाराने 1777 मध्ये अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनची पदकं केली ती साध्या भाजक्या मातीची, केसाळ टोपीसकट. पुढे तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांवर, अंगठ्यांतसुद्धा तो चेहरा बसू लागला. 1779 मध्ये फ्रँकलिनने मुलीला लिहिलं की तुझ्या बापाचं तोंड आता चंद्राइतकं ओळखीचं झालंय. म्हातारा खूश होता, हे उघड आहे!