हक्काचे पैसे मागताना जीभ जड होते आणि राग भलत्यावरच निघतो, काय करू?

डोंबिवलीची_वहिनी

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी सहा वर्षं घरून दिवाळीचा फराळ करून देते, सासूबाई आणि मी, आणि शेवटचे पंधरा दिवस मदतीला एक मावशी येतात. घटस्थापना झाली की ऑर्डरी सुरू. बाहेरचे लोक डबा घेतानाच जीपे करून मोकळे होतात, अडतं ते घरच्यांपाशी. मोठ्या नणंदेने गेल्या वर्षी ऑफिसातल्या बायकांसाठी चार किलो चकली नेली ५६० ने आणि तीन किलो बेसनलाडू ६४० ने, म्हणजे ४१६० झाले, त्यातले १५०० दिले आणि बाकीचं बघू गं नंतर म्हणाल्या. ते नंतर अजून आलेलं नाही. गणपतीत दीड दिवस एकाच घरात होतो, शेजारी बसून मोदक वळले, पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आणि परवा मेसेज, यंदा सहा किलो चकली लागेल, भाव घरचाच लाव.

भाजणी म्हणजे काय ते करणाऱ्यालाच कळतं हो. तांदूळ डाळी धुवून सावलीत सुकवायच्या, मग एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, उडीद डाळ जरा जास्त भाजली गेली तर वासच बदलतो, मग गिरणीवाल्याच्या मागे लागायचं की आधी गहू टाकू नका. दिवसभर सोऱ्या फिरवून रात्री मनगट इतकं ठणकतं की केसांना पिन लावता येत नाही.

पण खरं सांगायचंय ते पुढे आहे. तो मेसेज वाचला त्याच दुपारी मावशींनी मला विचारलं, ताई पाचशे रुपये आधी मिळतील का, पोराची क्लासची फी भरायचीय. आणि मी शेजारच्या दोघीजणी बसलेल्या असताना त्यांच्यावर खेकसले की कामाआधीच पैसे कसले. त्या काही बोलल्या नाहीत, परातीतलं पीठ मळत राहिल्या. रात्री झोप लागेना. त्यांनी तर साधं सरळ विचारलं होतं, जे मला वर्षभरात जमलं नाही. लोक म्हणतात मी भिडस्त आहे, आणि अधूनमधून म्हणतात फटकळ आहे, दोन्ही खरंच आहे. मधलं काही शिकता येतं का?

निवृत्त_बँकवाला

ताई, मी ३१ वर्षं बँकेत होतो, त्यातली नऊ वसुलीला, कोल्हापूरच्या आसपासच्या गावांत. माझी आई म्हणायची भीड भिकेची बहीण, पण भीड मोडायची कशी हे मी त्या नऊ वर्षांत शिकलो. चारचौघांत मागायचं नाही, सणाच्या दिवशी नाही, जेवायच्या वेळेला नाही. माणूस एकटा असताना आकडा आणि तारीख सांगायची आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड, कारण समोरचा काही बोलायच्या आत आपणच घाबरून म्हणतो की अडचण असेल तर राहू दे, म्हणजे सबब आपणच हातात देतो. सुरुवातीला मीही हेच करायचो आणि मग चहा पिऊन रिकाम्या हाताने परत.

आणि टोमणा नको. "बघू म्हणाला होतात, वर्ष झालं बघताय" असलं काही नाही. आकडा सांगितला म्हणून कुणी माझ्याशी बोलणं तोडल्याचं आठवत नाही, टोमणा मारला म्हणून तोडलेले दोघं आठवतात, त्यातला एक माझा शाळेतला मित्र होता.

सोलापूरची_चादर

काकांचं बरोबर आहे पण हे कर्जदार नाहीत, नणंद आहे, ते पण मोठी. सासरी सुनेने पैशाचा विषय काढला की तो पैशाचा राहतच नाही. तुमच्या मिस्टरांना बोलू दे ना, त्यांची सख्खी बहीण आहे.

ठाणेकर_खिडकी

मला नाही पटत. मिस्टर बोलले की तो भावाबहिणीचा विषय होईल आणि "हिने सांगायला लावलं" हे वर. धंदा वहिनींचा, मनगट त्यांचं ठणकतं, बोलायचंही त्यांनीच.

माझाही हाच प्रॉब्लेम होता, मला अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांचा उपयोग झाला. त्यांची विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे त्रासामागचे आपलेच हट्टी विचार तपासून बदलायची मानसोपचाराची रीत, १९५५ च्या सुमाराची, आपल्याकडे ठाण्याच्या आयपीएचमुळे, म्हणजे डॉ. आनंद नाडकर्णींच्या मानसिक आरोग्याच्या संस्थेमुळे, बऱ्याच मराठी लोकांपर्यंत पोचली. एलिस स्वतः भयंकर लाजाळू होते. एकोणीस वर्षांचे असताना ते न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर रोज जायचे आणि बाकावर एकटी बाई दिसली की जाऊन बोलायचे, स्वतःला मुदत एक मिनिटाची. शंभरेक जणींशी बोलले, भेटायला फक्त एक तयार झाली आणि ती पण आली नाही. पण तोवर नकाराची भीती गेली होती.

तुमच्या बाबतीत त्यांचं म्हणणं असं लावता येईल की "ताईंना वाईट वाटू नये" ही इच्छा अगदी बरोबर आहे, पण "वाईट वाटताच कामा नये" असा आपण हट्ट धरला की तोंड बंद होतं. त्यांना थोडं वाईट वाटेल. वाटू दे, तुम्ही त्यांचा अपमान करत नाही आहात. आणि मावशींचं मात्र उद्यावर टाकू नका.

डोंबिवलीची_वहिनी

चार दिवसांनी लिहितेय. काल दुपारी ताईंना फोन केला, आधी कागदावर लिहून घेतलं होतं. म्हटलं ताई, गेल्या वर्षीचे २६६० राहिलेत. यंदा चकली ६०० ने आहे, सहा किलोचे ३६००, त्यातले निम्मे म्हणजे १८०० आणि मागचे, असे ४४६० शुक्रवारपर्यंत आले की भाजणी दळायला टाकते. आणि काका, मी गप्प बसले. किती वेळ कुणास ठाऊक, कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. मग त्या म्हणाल्या, बराच हिशोब ठेवतेस की गं. आधीची मी असते तर तसं नाही हो ताई म्हणून रडवेली झाले असते. म्हटलं, हो ताई, ठेवते. संध्याकाळी २६६० आले, सोबत मेसेज काही नाही. १८०० आलेले नाहीत, त्यामुळे ती सहा किलो मी अजून धरलेली नाही. सासूबाईंना सगळं सांगितलंय, त्या फक्त बरं म्हणाल्या.

मावशींचं मात्र इथे लिहिलं त्याच रात्रीनंतर सकाळी केलं, तुमची उत्तरं यायच्या आधी खरं तर. त्या दोघीजणी पुन्हा आल्या होत्या, मुद्दाम त्यांच्यासमोरच म्हटलं की परवा मी उगाच ओरडले, चूक माझी होती, आणि पाचशे हातात ठेवले. त्यांनी नोट कमरेच्या पिशवीत घातली आणि विचारलं, मग आज पोहे आधी भाजू का डाळ?