बारक्यासारक्या पायथन स्क्रिप्टांनाही टाईप्सची सक्ती? मला नाही पटत

कोरा_टर्मिनल:

आमच्या टीममध्ये सध्या एक प्रस्ताव आलाय, की कुठलीही पायथन स्क्रिप्ट, भले वीस ओळींची का असेना, टाईप हिंट्स (कुठली किंमत आकडा, कुठली मजकूर ते कोडमध्येच नोंदवणं) लिहून आणि टाईप चेकरमधून (त्या हिंट्स जुळतात का ते कोड न चालवता तपासणारं टूल) पास करूनच रेपोत (टीमच्या सामायिक कोडसाठ्यात) टाकायची. काहीजण त्याच्याही पुढे गेलेत, म्हणतात मग पायथन तरी कशाला, सरळ गो या भाषेत लिहा, कंपाईल करा, एक बायनरी (थेट चालणारी फाईल) मिळते, विषय संपला. मला हे अजिबात पटत नाहीये, का ते मांडतो, विरोधात असाल तर जरूर लिहा.

रोजचं कोडिंग म्हणजे काय असतं हो? लॉगमधून कुठला एरर किती वेळा आलाय ते मोजा, दोन सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाईली) जुळवा, फोल्डरभर फाईलींची नावं बदला, एखाद्या एपीआयने (दुसऱ्या सॉफ्टवेअरकडून डेटा मागायची सोय) दिलेलं जेसन (नाव-किंमत जोड्यांचा मजकूर) उघडून त्यातली दोन फील्ड उचला. ह्या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे डेटा नेमका कसा आहे हे सुरुवातीला आपल्याला माहीतच नसतं.

लॉगचंच घ्या. पायथनच्या कलेक्शन्स मॉड्यूलमधला काऊंटर (काय किती वेळा आलं ते मोजणारा) घेतला, फाईलवर ओळीओळीने लूप फिरवला, प्रत्येक ओळ स्प्लिट करून तिसरा तुकडा काऊंटरला दिला आणि शेवटी मोस्ट कॉमन दहा छापले, झालं काम, पाच-सहा ओळी. फाईल कितीही जीबींची असो, ओळीओळीने वाचतोय म्हणून मेमरीही भरत नाही. आता आउटपुट बघितलं की दिसतं, काही ठिकाणी एरर कोडच्या जागी भलताच शब्द आलाय, कारण निम्म्या ओळींत तारीख आणि वेळ यांच्यामध्ये स्पेस आहे आणि निम्म्यांत टी हे अक्षर, म्हणजे तुकडे एकाने सरकलेत. हे टर्मिनलमध्ये दोन ओळी टाईप करून लगेच कळतं, सुधारता येतं, परत चालवता येतं. टाईप लिहायचा म्हणजे डेटाबद्दल जे माहीत आहे ते लिहायचं, आणि इथे तर माहीत करून घेण्यासाठीच स्क्रिप्ट लिहितोय ना आपण! आधी साचा ठरवा मग बघा, हा क्रमच उलटा आहे.

सक्त_टाईप:

पूर्ण असहमत. तुमची सगळी मांडणी 'चुकलं की दिसतं' यावर उभी आहे, आणि माझा अनुभव असा की जे चुकतं ते बऱ्याचदा दिसतच नाही. स्क्रिप्ट धाडकन पडली तर बरंच, निदान कळतं तरी, पण ती नीट चालून चुकीचा आकडा देते तेव्हा काय करणार?

पूर्वी जिथे कामाला होतो तिथलं सांगतो. सर्व्हरच्या रिक्वेस्टना किती मिलिसेकंद लागतात त्याची सीएसव्ही निघायची आणि एक छोटी स्क्रिप्ट त्यातली सगळ्यात मोठी वेळ काढून रोज मेल करायची. आकडा कायम हजाराच्या आतच, ९८०, ९९१ असा, सगळे खूश. प्रत्यक्षात त्याच फाईलमध्ये १२४०० सुद्धा पडलेले होते! सीएसव्हीतून वाचलेली प्रत्येक गोष्ट स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर असते आणि स्ट्रिंगची तुलना अक्षराअक्षराने होते, म्हणजे '९८०' हे '१२४००' पेक्षा मोठं, कारण ९ हे १ पेक्षा मोठं. सगळ्यात मोठं काढणाऱ्या मॅक्स फंक्शनने निमूटपणे ९८० दिलं, ना एरर ना वॉर्निंग. त्या फंक्शनपुढे 'हे इंटिजर (पूर्णांक) परत देतं' एवढी एक हिंट असती तर चेकर तिथेच अडला असता की बाबा इथून तर स्ट्रिंग येतेय. कोणी लिहिली नाही, का? तर 'छोटी तर स्क्रिप्ट आहे'.

कोरा_टर्मिनल:

उदाहरण चांगलंय पण दोष चुकीच्या जागी लावताय असं वाटतं. सीएसव्ही कुठल्याही भाषेत वाचा, मजकूरच हातात येतो. गोमध्ये सुद्धा स्ट्रिंगची स्ट्रिंगशी तुलना होते आणि कंपायलर काही बोलत नाही, जावात स्ट्रिंगची यादी सॉर्ट केली तरी हेच होणार. हिंट लिहायचं ज्याला सुचलं असतं त्याला इंटमध्ये बदलायचंही सुचलं असतं.

आणि एक गैरसमज दूर करतो, पायथनसारखी डायनॅमिक भाषा म्हणजे ढिसाळ नव्हे. जावास्क्रिप्टमध्ये '५' अधिक ५ केलं की गुपचूप '५५' मिळतं, पायथन तिथे टाईप एरर देऊन थांबतं. टाईप असतोच, फक्त तो तपासला जातो चालवताना.

सक्त_टाईप:

आणि पायथनमध्ये '५' गुणिले ३ केलं की '५५५' मिळतं, ते सोडलंत तुम्ही. स्ट्रिंगचा गुणाकार ही सोय म्हणून ठेवलीय हे मान्य, पण सीएसव्हीतल्या संख्येवर ती झाली की परत तेच, बिनआवाजाची चूक.

सुचण्याबद्दल म्हणाल तर गो किंवा जावात मिलिसेकंदाचं फील्ड असलेला स्ट्रक्ट किंवा क्लास (फील्डांचा ठरलेला साचा) करतानाच ते इंट की स्ट्रिंग हा प्रश्न समोर येतो, टाळताच येत नाही. पायथनमध्ये तो प्रश्न कोणी विचारतच नाही, म्हणून तर सक्ती हवी.

ओळ_बेचाळीस:

दोघांचंही वाचलं. मला वाटतं तुम्ही ज्या चुकांवर भांडताय त्यापेक्षा रोजच्या स्क्रिप्टांतली मोठी चूक वेगळीच आहे आणि ती कुठलाच टाईप चेकर पकडत नाही. फाईल्स!

फोल्डरमधल्या फोटोंना काढल्याच्या वेळेवरून नावं द्यायची, अगदी नेहमीचं काम. प्रत्येक फोटोची तारीख-वेळ काढली, सेकंदापर्यंतचं नाव बनवलं आणि ओएस मॉड्यूलमधलं रीनेम मारलं. बर्स्ट मोडमध्ये (एका दाबात झपाझप) काढलेल्या फोटोंची वेळ सेकंदापर्यंत सारखीच येते, म्हणजे नाव एकच, आणि लिनक्स-मॅकवर हे रीनेम त्या नावाची फाईल आधीच असेल तर तिच्यावर बिनदिक्कत दुसरी ठेवून मोकळं होतं, न विचारता. शेवटचा फोटो राहतो, बाकीचे गेले. विंडोजवर तीच ओळ 'फाईल आधीपासून आहे' म्हणून एरर देते. म्हणजे विंडोजवर लिहून तपासलेली स्क्रिप्ट दुसऱ्याने मॅकवर चालवली की डेटा साफ. टाईप्स सगळे बरोबर आहेत हो, स्ट्रिंग आत स्ट्रिंग बाहेर, चेकर खूश!

यावर उपाय भाषेत नाही, सवयीत आहे. पहिल्या फेरीत फक्त जुनं नाव आणि नवं नाव छापा, काही हलवू नका. सगळी नवी नावं एका सेटमध्ये (त्यात तीच गोष्ट दोनदा राहत नाही) टाका आणि सेटची लांबी फाईलींच्या संख्येशी जुळवून बघा, कमी भरली तर कुठेतरी टक्कर आहे. त्या जागेवर आधीपासून कुठली वेगळी फाईल बसलीय का तेही बघा. हे सगळं जमलं की मगच रीनेम. नियम करायचाच असेल तर हा करा की, फाईल हलवणारी वा पुसणारी प्रत्येक स्क्रिप्ट आधी कोरडी चालली पाहिजे.

झपाटा:

विषय थोडा बाजूला नेतोय, पण गोचा मुद्दा आलाच आहे तर बोलतो, पायथन मुळात हळू आहे. आमच्याकडे दोन याद्या होत्या, दोन्हीत लाखाच्या घरात आयडी, पहिलीतले कुठले दुसरीत नाहीत एवढंच काढायचं होतं, स्क्रिप्ट संपेचना. कंपाईल होणारी भाषा घ्या की राव, रोजचं काम म्हणून रोज वाट बघायची का?

ओळ_बेचाळीस:

@झपाटा, कोड न बघता पैज लावतो, दुसरी यादी लिस्टमध्ये ठेवली होती आणि लूपमध्ये 'इन' ने शोधत होतात. लिस्टमध्ये शोधणं म्हणजे पहिल्यापासून एकेक बघत जाणं, १ लाख गुणिले १ लाख, वाईटात वाईट धरलं तर १००० कोटी तुलना. तीच यादी सेटमध्ये टाका, शोध हॅशवरून (आयडीवरून काढलेल्या जागी थेट बघून) होतो, एका आयडीला सरासरी एखाद-दुसरी तुलना पुरते आणि सगळं काम सेकंदाच्या आत येतं. खरं तर लूपही नको, दोन सेटांची वजाबाकी केली की उत्तर हातात. गोमध्ये हेच लिस्टसारखं लिहिलंत तर थोडं लवकर संपेल इतकंच, तुलना तेवढ्याच राहणार. रात्रंदिवस आकडेमोड करायची असेल तर पायथन हळू, हे मान्यच, पण तेव्हाही नमपायसारख्या लायब्ररीत खरं काम सीमध्ये होतं.

जुना_सर्व्हर:

मी सक्तीच्या बाजूने, पण माझं कारण वेगळं आहे. कोरा_टर्मिनल यांनी सगळं लिहिलंय ते आज लिहून आज फेकायच्या स्क्रिप्टबद्दल, आणि अशी स्क्रिप्ट फेकली गेल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. काम झालं, कोणीतरी म्हणतं दर आठवड्याला चालव ना, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालवणाऱ्या यादीत) जाते, लिहिणारा दुसऱ्या टीममध्ये जातो आणि ती तिथेच मुरते.

पायथन २ वरून ३ वर येताना मी हेच निस्तरत होतो. ३.० आली डिसेंबर २००८ मध्ये आणि २ चा पाठिंबा बंद झाला १ जानेवारी २०२० ला, म्हणजे अकरा वर्षं हातात असून शेवटच्या दिवसापर्यंत लोक धावत होते. प्रिंटला कंस द्यायचे राहिले तर स्क्रिप्ट पडते, कळतं. पण ५ भागिले २ जुन्यात २ यायचं, नव्यात २.५ येतं, आणि त्यावरून पानं मोजणारी, बॅचेस पाडणारी स्क्रिप्ट कधी कुठे चुकेल त्याचा नेम नाही. कोड वाचून तर कळायचंही नाही की समोरचं व्हेरिएबल पूर्णांक आहे की दशांश, लिहिणाऱ्याच्या डोक्यात होतं ते त्याच्याबरोबर गेलं. हिंट्स असत्या तर निदान कुठे बघायचं ते कळलं असतं. पायथन ३.५ पासून, म्हणजे २०१५ पासून ही सोय भाषेत आहे, चालताना इंटरप्रिटर तिच्याकडे बघतसुद्धा नाही, म्हणजे वेगाचंही म्हणावं असं नुकसान नाही. मग लिहायला हरकत काय आहे?

शिवाय लायब्ररीच्या व्हर्जन्स. माझ्याकडे चालते तुझ्याकडे नाही, हा तमाशा गोच्या एका बायनरीत होत नाही, त्यासाठी लोक तिकडे ओढले जातात हे समजून घ्या.

कोरा_टर्मिनल:

@जुना_सर्व्हर, व्हर्जनच्या त्रासाबद्दल शंभर टक्के सहमत, पण आता स्क्रिप्टच्या डोक्यावरच कमेंटमध्ये कुठलं पायथन आणि कुठल्या लायब्ररी लागतात ते लिहायची ठरलेली पद्धत आहे, यूव्ही या टूलने चालवली की ते सगळं आपोआप वेगळं लावून देतं. आम्ही वापरतो, एकाच फाईलमध्ये सगळं राहतं.

भागाकाराचं मात्र पटलं. पूर्णांक हवा असेल तिथे डबल स्लॅश लिहिण्याची शिस्त हवीच, पण जुना कोड वाचणाऱ्याला हिंटचा आधार होतो हे खरंय. ओळ_बेचाळीस यांची कोरडी फेरी तर मी उद्याच टीममध्ये मांडणार, तिला माझा बिनशर्त पाठिंबा.

पण सरसकट सक्तीला माझा विरोध कायम आहे. चेकर पास करायचाय म्हणून लोक काय करतात ते मी पाहिलंय, जिथे अडेल तिथे 'एनी' (कुठलाही टाईप चालेल) लिहून मोकळे होतात. जेसनमधून आलेल्या डिक्शनरीला तर बहुतेक सगळीकडे तेच. हिरवी टिक मिळते, आत तपासलेलं काहीच नसतं, आणि पुढचा वाचणारा समजतो की इथे सगळं तपासलंय. त्यापेक्षा हिंट नसलेला कोड परवडला, तिथे माणूस सावध तरी असतो. माझा तोडगा असा, स्क्रिप्ट क्रॉनमध्ये किंवा कुठल्याही आपोआप चालणाऱ्या जागी जाताना हिंट्स आणि दोन-चार टेस्ट लागतील, त्याआधी लिहिणाऱ्याला मोकळं सोडा.

सक्त_टाईप:

'एनी' बद्दल बरोबर आहे तुमचं, तो उघडउघड पळवाटेसारखा वापरला जातो, चेकरच्या कडक सेटिंगमध्ये बऱ्याच ठिकाणी तो अडवता येतो पण मग जेसनवाले वैतागतात.

क्रॉनची हद्द मला मान्य, पण पुरेशी नाही. माझी ती मिलिसेकंदवाली स्क्रिप्ट कितीतरी दिवस क्रॉनमध्ये नव्हती, एकजण रोज सकाळी हाताने चालवून आकडा मेलमध्ये चिकटवायचा आणि त्या आकड्यावर वरचे लोक सर्व्हर वाढवायचे की नाही ते ठरवायचे. तुमच्या नियमाने ती सुटली असती. म्हणून हद्द अशी ठेवा, आउटपुट लिहिणाऱ्याशिवाय दुसरं कोणी वाचणार असेल तर निदान बाहेर पडणाऱ्या आकड्याच्या फंक्शनला हिंट हवी. तेवढं तरी मान्य आहे का?