नुसते हिट पॉइंट वाढवून काय होतं
डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं खेळायचा खेळ) खेळताना 'खेळाडूंची लेव्हल वाढली की राक्षसाचे हिट पॉइंट (मरेपर्यंत किती मार सोसेल तो आकडा) दुप्पट करा' असा सल्ला देतात. खेळ चालवताना मी नेमकं हेच करून बसलोय. घोडबंदर रोडला मित्राच्या घरी पाच जण, सगळे पाचव्या लेव्हलचे. डी अँड डीच्या पाचव्या एडिशनमध्ये (२०१४ची पुस्तकं) ओगर नावाच्या धिप्पाड राक्षसाचे हिट पॉइंट ५९. मी ११८ केले. ओगर भारी वगैरे काही झाला नाही, नुसता मरेना. त्याच्या वाट्याला राउंडला (सगळ्यांची एकेक पाळी) वार एकच, आणि समोरून पाच जण आळीपाळीने धोपटतायत. शेवटी आमचा फायटर फासा बाजूला ठेवून वडापावच्या पुडीत मिरची शोधत बसला.

पुढच्या रविवारी साधे १२ गॉब्लिन (छोटे, किरकोळ राक्षस) आणले, ७-७ हिट पॉइंटचे, आकडे जसेच्या तसे. फक्त हातात शॉर्टबो (छोटं धनुष्य) आणि उतारावर लांब लांब उभे, म्हणजे विझार्डच्या (जादूगाराच्या) फायरबॉल मंत्राच्या २० फुटांच्या त्रिज्येत दोन-तीनच सापडावेत. आता हिशोब बघा. समोरच्याचा आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १८ असला तरी गॉब्लिनच्या +४ मुळे वीस बाजूंच्या फाशावर १४ किंवा वर पडलं की बाण लागतो, म्हणजे ३५ टक्के. १२ बाणांत सरासरी चार लागणार, प्रत्येकी साडेपाच हिट पॉइंट घटणार. एका राउंडला २३च्या आसपास. चिलखत नसलेल्या विझार्डला हे गणित फारच लवकर कळलं. शिवाय गॉब्लिन बाण मारून त्याच टर्नमध्ये (पाळीत) बोनस ॲक्शनने, म्हणजे जादा छोट्या कृतीने, लपू शकतो, ती ओळ मी स्वतः कित्येक महिने वाचलीच नव्हती.

फासे मात्र चार रंगांचे घ्या आणि चार गॉब्लिनांचे एकदम टाका, नाहीतर १२ वेळा टाकताना तुम्हीच जांभया द्याल.