चर्चच्या प्रीस्कूलला येणारी कुटुंबं मंडळीला अनोळखीच राहतात. काय बदलावं?

नेपरव्हिलकर:
जय ख्रिस्त. आमची मंडळी मिसूरी सिनॉडची, म्हणजे अमेरिकेतल्या एका ल्यूथरन चर्च-संघटनेची, शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरातली. आवारातच प्रीस्कूल आहे. यंदा बरीच मुलं भारतीय घरांतली, त्यात मराठी हिंदू कुटुंबंही पुष्कळ. आठवडाभर आईवडील गाडी लावून मुलांना सोडतात, नेतात. मंडळीत मात्र त्यांना नावानं कोणी ओळखत नाही. दुसरी अडचण आमच्याच तरुण जोडप्यांची: बाळ झालं की महिनोन्‌महिने उपासनेला दिसत नाहीत. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होण्याआधी काय काय करावं? करता येण्यासारखं, नेमकं सांगा.

बालवर्ग_ताई:
प्रवेशाच्या फॉर्मपासून सुरुवात करा. मराठी घरात मधलं नाव वडिलांचं असतं, ते मुलाचं दुसरं नाव समजून हजेरीपटावर चढवू नका. "घरी काय हाक मारता आणि उच्चार कसा?" एवढी एक ओळ वाढवा. ऋग्वेद, ज्ञानेश्वरी ही नावं शिक्षिकेनं पहिल्या दिवसाआधी आईकडून म्हणवून घ्यावीत, फोनवर रेकॉर्ड केली तर उत्तम.

खाण्याच्या रकान्यात नुसतं "शाकाहारी" पुरत नाही. शिक्षिका मांस टाळते, पण मार्शमेलो आणि गमी देते. त्यांतलं जिलेटिन बहुतेक वेळा डुकराचं किंवा गाईगुरांचं असतं. सूपमध्ये चिकनचा स्टॉक असतो, वाढदिवसाच्या केकमध्ये अंडं. म्हणून मांस, मासे, अंडं, जिलेटिन असे चार वेगळे चौकोन ठेवा. वाढदिवसाच्या खाऊची खबर आदल्या दिवशी पालकांना द्या, म्हणजे त्या मुलाचा डबा तसा येतो आणि ते एकटं बाजूला बसत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ मुलाला घ्यायला येण्यावरून होतो. आजी-आजोबा व्हिजिटर व्हिसावर येतात, साधारण सहा महिने राहतात. त्यांच्याकडे इथलं लायसन्स नसतं, असतो तो फक्त पासपोर्ट. ऑफिसमधली बाई लायसन्स मागते, आजी दारात अवघडून उभी, आईचा फोन मीटिंगमध्ये बंद. हे टाळायचं तर यादीत पासपोर्टवरचंच नाव लिहून घ्या, पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालेल असं नियमात स्पष्ट लिहा आणि आल्या आठवड्यातच आजी-आजोबांना वर्ग दाखवायला बोलवा. ही भेट कागदापेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण दुपारी दारात उभी असणारी शिक्षिका त्यांना चेहऱ्यानं ओळखते.

वेदीसेवक:
ताईंच्या म्हणण्यात एक भर. शाळा बघायला आलेल्या पालकांना, अनामत घेण्याआधी, स्वच्छ सांगा: आठवड्यातून एकदा चॅपल, म्हणजे मुलांची छोटी उपासना असते, तिथे बायबलची गोष्ट सांगतात, जेवणाआधी प्रार्थना होते, डिसेंबरमध्ये मुलं ख्रिस्तजन्माचा कार्यक्रम करतात. हे कागदावरही द्या. डिसेंबरात अचानक कळलं की पालकांना फसवल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं रास्त असतं. आधी कळलं तर बहुतेक जण समजून घेतात. मूल हे आईवडिलांना मंडळीत ओढायचं साधन नव्हे, हेही बोर्डानं आपसात ठरवून टाकावं. आपल्या पंथाचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर यानं १५२४ साली जर्मनीतल्या नगरपालांना शाळा काढा म्हणून लिहिलं, तेव्हा चर्चबरोबर गावाच्या कारभाराचाही विचार केला होता आणि मुलींनाही शाळेत धरलं होतं. शेजारच्या मुलाला चांगलं शिकवणं हीच सेवा आहे.

मुलं रविवारी गाणार असतील तर पालक येतातच. तिथे घोटाळा होतो तो प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या वेळी. अशर, म्हणजे लोकांना पुढे सोडणारा स्वयंसेवक, रांगेपाशी येऊन थांबतो, सगळे उठतात, पाहुण्यांना काय करावं कळत नाही. तुमच्याकडे प्रभुभोजन एक रविवार सोडून असेल तर गाणं नसलेल्या रविवारी ठेवा. दर रविवारी असेल तर पाळकांनी आधी दोन वाक्यांत सांगावं: आमच्या मंडळीत हे दृढीकरण (विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी) झालेल्या सभासदांसाठी आहे, तुम्ही जागेवर निवांत बसा, किंवा छातीवर हात आडवे घेऊन पुढे या, आशीर्वाद मिळेल. तोच मजकूर बुलेटिनच्या, म्हणजे रविवारी वाटायच्या पत्रकाच्या, पहिल्या पानावर हवा.

शिवाय संपूर्ण उपासनाक्रम बुलेटिनमध्ये छापा. २००६ च्या 'लुथरन सर्व्हिस बुक' या आपल्या गीत-उपासनेच्या पुस्तकामध्ये उपासनेच्या पाच मांडण्या आहेत. "सेटिंग थ्री, पान १८४" ऐकून नवा माणूस पानं उलटत राहतो, तेवढ्यात सुरुवातीची पापांची कबुली संपलेली असते.

शब्बाथशाळा_मावशी:
बाळांबद्दल माझं मत वेगळं पडेल. रडणाऱ्या बाळांना घेऊन बसायची काचेमागची खोली हा शेवटचा उपाय ठेवा. तिथे स्पीकर खरखरतो, बाळाला वेदी दिसत नाही, आई तासभर एकटी. त्यापेक्षा पुढच्या बाजूचे दोन बाक काढून गालिचा आणि आईसाठी एक झुलती खुर्ची ठेवा. खेळणी कापडाची किंवा फेल्टची. चाकाचं आणि लाकडाचं काही नको, फरशीवर पडलं की सगळी मंडळी मागे वळते. मुलाला काही दिसत असेल तर ते कमी कुरकुरतं. डायपर बदलायचं टेबल पुरुषांच्या स्वच्छतागृहातही बसवा. नर्सरीत कायम दोन मोठी माणसं, एकाच घरातली नव्हेत, दोघांचीही पार्श्वभूमी तपासलेली.

बाळंतिणीच्या घरी जेवण पोहोचवताना पहिल्या आठवड्यात फ्रिज भरून वाहतो आणि तिसऱ्या आठवड्यात कोणी फिरकत नाही. आठवड्यातून तीनच डबे द्या, पण सहा आठवडे. दाराबाहेर कूलर ठेवायला सांगा, म्हणजे बेल वाजत नाही आणि तिला गप्पांसाठी उठावं लागत नाही. भारतीय घर असेल तर आजी परत जाण्याची तारीख विचारून ठेवा. खरी गरज त्या दिवसापासून लागते.

बाप्तिस्म्याची तारीख नोंदवहीत असतेच. दर वर्षी त्या आठवड्यात धर्ममातापित्यांना आठवण करून द्या, कार्ड त्यांनी लिहावं. ल्यूथरची १५२९ ची लहान प्रश्नोत्तरावली, म्हणजे विश्वासाची मूळ शिकवण देणारं छोटं पुस्तक, घरच्या कर्त्यानं घरात शिकवावी म्हणूनच लिहिलेली आहे. रविवारी तिच्यातली एकच आज्ञा आणि जेवणाची प्रार्थना फ्रिजवर लावता येईल एवढ्या चिठ्ठीवर घरी पाठवा. अख्खं पुस्तक दिलं तर कपाटात जातं.

नेपरव्हिलकर:
मावशी, बाक काढायला मंडळीची सभा घ्यावी लागेल का?

शब्बाथशाळा_मावशी:
कोणाच्या आईवडिलांच्या स्मरणार्थ दिलेले असतील तर आधी त्या घरी जाऊन विचारा, मग सभेत मांडा. आठ रविवारांसाठी म्हणून परवानगी घ्या. बाक तळघरात जपून ठेवा, फेकू नका.