मदत हवी आहे: व्यापारी संकुलाचा प्रस्ताव स्थायी समितीत कसा तपासावा?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान नगरपंचायतीत पहिल्यांदाच निवडून आले असून पाणीपुरवठा समितीची सभापती या नात्याने स्थायी समितीवर आहे. अर्थसंकल्पाची छाननी हीच समिती करते आणि मग तो सर्वसाधारण सभेपुढे मंजुरीला जातो. येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर अर्थसंकल्पासोबतच आठवडी बाजाराच्या जागेवर दुमजली व्यापारी संकुल बांधण्याचा विषय आहे. त्यावर मत देण्याआधी कोणती कागदपत्रे मागावीत, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

अंदाजपत्रक 2 कोटी 40 लाखांचे आहे. त्यात 90 टक्के शासनाचे अनुदान आणि 10 टक्के, म्हणजे 24 लाख, आमचा स्वहिस्सा. खाली गाळे, वर सभागृह. एवढे अनुदान दारात आले असताना नाही म्हणणे करंटेपणाचे ठरेल, असे बहुतेक सदस्यांचे मत आहे. ते अगदीच चूक नाही. संकुलाचा पैसा नाकारला म्हणून तो पाइपलाइनला मिळत नाही, हे मलाही कळते. माझी अडचण त्या 24 लाखांची आणि इमारत उभी राहिल्यानंतरच्या खर्चाची आहे.

आमचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, बाजार वसुली आणि थोडेफार भाडे. कास्तकाराच्या घरात कापूस आणि तूर विकल्याशिवाय पैसा येत नाही, त्यामुळे करवसुली मार्चअखेरीस एकवटते आणि त्यानंतर लगेच, एप्रिल-मे महिन्यांत, पंपाची दुरुस्ती, वीजबिल आणि टँकर यांचा खर्च अंगावर येतो. अशा वेळी वित्त आयोगाकडे बोट दाखवले जाते; परंतु पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातील 60 टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बांधील होती आणि उरलेल्या अबंधित रकमेतूनही पगार व आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. म्हणजे संकुलाचा चौकीदार, वीज, रंगरंगोटी, गळती हे सारे स्वनिधीतूनच भागवावे लागणार, आणि त्यासाठी अर्थसंकल्पात एक रुपयाचीही तरतूद मला दिसली नाही.

जिच्यामुळे हा धागा काढला ती नोंद वेगळीच आहे. भांडवली जमेच्या बाजूस ‘गाळे अनामत’ अशी एक ओळ असून तिच्यासमोरचा आकडा बरोबर 24 लाख आहे. गाळेधारकांकडून आगाऊ अनामत घ्यायची आणि तिच्यातूनच स्वहिस्सा भरायचा, असा हा हिशेब आहे. लेखा शाखेत विचारले तेव्हा ‘सगळीकडे असेच करतात’ एवढेच उत्तर मिळाले. अनामत उद्या परत करावी लागणार असेल, तर ती आज जमेत धरता येते का? शिवाय गाळ्यांना मागणी किती आहे, याची पाहणीच प्रस्तावासोबत नाही. बाजारात भाजी विकणाऱ्या बाया आसपासच्या खेड्यांतून येतात, ताडपत्री बांधून बसतात आणि संध्याकाळच्या एसटीने परततात. त्या गाळा घेणार नाहीत. त्यांना ओटे, सावली आणि पाण्याचा नळ हवा आहे.

प्रस्तावाला सरसकट विरोध न करता हे मुद्दे इतिवृत्तात कसे आणावेत?

प्रतिसाद (निवृत्त लेखापाल):

ताई, तुमची शंका रास्त आहे. परतफेडीची अनामत हे नगरपंचायतीचे देणे असते. तिची जागा असाधारण व निलंबन खात्यात, म्हणजे पुढे परत करायच्या रकमांच्या नोंदीत आहे, भांडवली जमेत नाही. ना-परतावा अधिमूल्य, म्हणजे परत न करायची एकरकमी रक्कम, घेणार असतील तर गोष्ट निराळी, पण तेही लिलाव झाल्याशिवाय हाती पडत नाही. गाळे देताना 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाचे कलम 92 आणि स्थावर मालमत्ता हस्तांतरणाचे नियम पाळावे लागतात. म्हणून आधी बांधकाम, मग लिलाव असा क्रम असताना लिलावाच्या पैशातून बांधकामाचा हिस्सा भरणे जमायचे नाही.

मुख्याधिकाऱ्यांना बैठकीपूर्वी लेखी पत्र द्या. मागील तीन वर्षांची मागणी व वसुली मागा, पण चालू आणि थकबाकी वेगवेगळी. एकत्र आकड्यात जुनी थकबाकी लपते. बँकेतील शिल्लक योजनानिहाय मागा, कारण एकूण शिल्लक मोठी दिसते आणि तिच्यातली बरीचशी दुसऱ्या कामांची असते. थकीत वीजबिल, ठेकेदारांची देय सुरक्षा अनामत आणि स्थानिक निधी लेखापरीक्षणातील प्रलंबित आक्षेप यांचीही यादी घ्या. दिव्यांगांसाठीचे 5 टक्के आधी बाजूला काढून मगच स्वनिधी किती उरतो ते पाहा. जागा कोणाच्या नावे आहे हे दाखवणारी आखीव पत्रिका किंवा सातबारा मात्र सर्वांत आधी पाहा.

बैठकीत ‘देखभालीचा वार्षिक अंदाज व निधीचा स्रोत टिपणीत नमूद करून विषय फेरसादर करावा’ अशी उपसूचना मांडा आणि अनुमोदक आधीच ठरवून ठेवा. ती फेटाळली गेली, तर लेखी विरोध देऊन तो इतिवृत्तात घेण्याचा आग्रह धरा. ठरावाला स्थगिती मागण्यासाठी त्याच अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येते, परंतु सुरुवातीलाच ते नाव काढले की सहकारी सदस्य दुरावतात, हा माझा अनुभव आहे.

मूळ धागाकर्ती:

आभारी आहे, भाऊ. पत्र आजच तयार करते. सातबारा काढून पाहिला, तर बाजाराची जागा अजूनही शासनाच्या नावे दिसते आहे. अशा वेळी जागा नगरपंचायतीकडे वर्ग होण्याआधी प्रशासकीय मान्यता घेता येते का, की ठरावातच तशी अट घालावी?